दख्खनचे माळ: जंगल तोडून झाले की मुळातच होते?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: सह्याद्रीच्या पूर्वेला पुणे, सातारा, अहिल्यानगर, सोलापूर या पट्ट्यात जी माळराने दिसतात, तिथे हिमयुग संपल्यावर घनदाट जंगल होते आणि माणसाने ते कुऱ्हाड व वणवा लावून संपवले, हे खरे का?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, नाही. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात गेल्या बारा हजार वर्षांत सदाहरित जंगल असल्याचा पुरावा नाही. झाडे आजच्यापेक्षा जास्त होती, नदीकाठी आणि ओढ्यांच्या घळींत तर बरीच जास्त. पण गवतही होते, आणि ते शेतकरी येण्याच्या कितीतरी आधीपासून होते. किती झाडे जगू शकतील याची कमाल मर्यादा हवामानाने ठरवली. त्या मर्यादेच्या आत प्रत्यक्षात किती उरली, हे गेल्या चार हजार वर्षांत बरेचसे माणसाने आणि त्याच्या जनावरांनी ठरवले. घाटमाथा आणि कोकणची गोष्ट वेगळी आहे. तिथे जंगल खरोखरच तुटले. दोन्हीकडची उदाहरणे एकत्र कालवली की वाद सुरू होतात.

आधी पावसाचे पाहू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला ऐंशी-एक किलोमीटरवर फलटणला पाचशेच्या आसपास. हा फरक डोंगरामुळे आहे आणि सह्याद्रीचा कडा हिमयुगापेक्षा कितीतरी जुना आहे. मान्सून जोरात असो वा मंद, पूर्वेकडे पाऊस कमीच राहणार. दुसरी गोष्ट कोरड्या महिन्यांची. महाबळेश्वरला पाऊस उदंड असला तरी तो जेमतेम चार महिन्यांत पडून जातो, आणि उरलेले सात-आठ महिने झाडांना साठ्यावर काढावे लागतात. म्हणून तिथेही केरळ-कर्नाटकातल्यासारखे उंचच उंच जंगल नाही. अंजनी, जांभूळ, पिसा यांचे बुटके रान आहे. एकूण पावसाच्या आकड्यावरून वनस्पतींचा अंदाज बांधणारा इथेच पहिल्यांदा फसतो.

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, त्यामुळे मुंबईसमोरचा रुंद उथळ समुद्रतळ कोरडी जमीन होता. उन्हाळी मान्सून दुबळा होता. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड १८० ते १९० पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत इतके भाग) इतकाच होता. औद्योगिक काळाच्या आधी तो २८० होता आणि आज ४२० च्या वर आहे. ही गोष्ट चर्चेत सहसा कुणी काढत नाही, पण ती महत्त्वाची आहे. उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात आणि कमी कार्बन डायऑक्साइडमध्येही त्यांचे भागते. झाडे सी-३ पद्धतीची. त्यांची उपासमार होते. म्हणजे त्या काळी पाऊस आजच्याइतका असता तरी पारडे गवताकडेच झुकले असते. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव तुकडे सापडले आहेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. शहामृग दाट रानात राहत नाही.

११,७०० वर्षांपूर्वी होलोसीन, म्हणजे हिमयुगानंतरचे आजचे उष्ण युग, सुरू झाले, त्याच्या आगेमागे चित्र पालटले. पृथ्वीच्या कक्षेतील बदलांमुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा आजच्यापेक्षा प्रखर होता, जमीन जास्त तापत होती आणि मान्सून आत खोलवर येत होता. हिमयुगाच्या अखेरीस दख्खनच्या नद्या पात्रात गाळ साठवत होत्या. पाऊस वाढल्यावर त्यांनी तोच गाळ चिरला, आणि घोड-प्रवरेच्या काठचे उंच दरडीसारखे थर हा त्याचाच अवशेष. बुलढाण्यातल्या लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळीतही ११ हजार वर्षांच्या आसपास ओल वाढल्याचे दिसते. याच काळात मिश्र पानझडी वने पसरली असणार: घळींमध्ये जांभूळ-करंज, उतारावर धावडा, सालई, खैर, आणि पठारावर विरळ झाडांसह गवत.

मग उतरती कळा लागली. उन्हाळी सूर्यप्रकाश हळूहळू घटत गेला तसा मान्सूनही मंदावला, पण एकसारखा नाही. लोणारच्या गाळात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक दोन टप्प्यांत सापडतात. पाणी आटून खारटपणा आणि क्षार फार वाढले तरच ते तयार होते. पहिला टप्पा ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. कारवारसमोरच्या समुद्रातल्या गाळात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून खारफुटीचे परागकण घटतात आणि मोकळ्या रानाचे वाढतात. गोदावरीच्या मुखासमोरच्या गाळात पानांवरच्या मेणाचे रेणू टिकून आहेत. तेही गेल्या चार हजार वर्षांत कोरडेपणा वाढल्याचे आणि सुमारे १७०० वर्षांपूर्वीनंतर तो आणखी तीव्र झाल्याचे सांगतात.

आता अडचण बघा. दख्खनमधले पहिले शेतकरी याच सुमारास येतात. प्रवरेकाठच्या दायमाबादची सुरुवातीची सावळदा वस्ती इसवी सनापूर्वी २००० च्या थोडी आधीची. पुढे जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतीची गावे तापी, प्रवरा, घोड, भीमेच्या खोऱ्यांत पसरली. म्हणजे पाऊस घटला आणि नांगर-शेळ्या आल्या, दोन्ही एकाच काही शतकांत. गाळात गवताचे परागकण वाढलेले दिसले की कुणी म्हणतो दुष्काळ, कुणी म्हणतो शेती. नुसत्या परागकणांवरून हा निवाडा होत नाही, कितीही मोजले तरी.

कारण आधी वेळ लावावी लागते, आणि तिथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. राजस्थानातल्या लुणकरणसरचे उदाहरण घ्या. सरोवर आटल्याचा काळ रेडिओकार्बन वर्षांत (किरणोत्सारी कार्बनच्या क्षयावरून मोजलेल्या) ४८०० येतो. हा आकडा तसाच उचलून हडप्पा संस्कृतीच्या कालक्रमाशेजारी ठेवला की सरोवर आटले आणि नगरे कोसळली अशी सुबक गोष्ट तयार होते. प्रत्यक्षात रेडिओकार्बन वर्षे आणि कॅलेंडर वर्षे सारखी नसतात. ४८०० चे रूपांतर केले की सुमारे ५५०० वर्षे होतात, आणि प्रगत हडप्पा नगरे तर ४६०० वर्षांपूर्वीच्या सुमारास उभी राहिली. म्हणजे सरोवर आटल्यावर जवळपास हजार वर्षांनी. जुने शोधनिबंध वाचताना ‘वर्षांपूर्वी’ म्हणजे कोणती वर्षे, हे आधी तपासावे. पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

दख्खनमध्ये आणखी एक भानगड आहे. बेसाल्टच्या प्रदेशात भूजलात जुने कार्बोनेट विरघळलेले असते. त्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि शेवाळाचे वय खऱ्यापेक्षा शेकडो वर्षे जास्त येऊ शकते. म्हणून वय काढायला जमिनीवरच्या झाडाचे पान, काडी किंवा जळके बी निवडायचे. कोळसाही जपून घ्यावा: सागाच्या गाभ्याचा तुकडा असेल तर चूल पेटली त्याच्या दीडदोनशे वर्षे आधीचे वय मिळते. उत्खननात जळके कुळीथ किंवा सातूचे दाणे मिळाले तर त्याहून चांगले काही नाही, कारण दाणा एका हंगामाचा असतो.

परागकण काढायची पद्धत ठरलेली आहे. एक-दोन घन सेंटिमीटर गाळ घ्यायचा, त्यात ठरावीक संख्येचे लायकोपोडियम बीजाणू असलेली गोळी टाकायची म्हणजे शेवटी एकूण प्रमाण काढता येते. हायड्रोक्लोरिक आम्लाने कार्बोनेट, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने कुजका भाग, हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळू-माती जाते. शेवटी ॲसिटिक अनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्ल ९:१ प्रमाणात घेऊन काही मिनिटे गरम करतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते आणि कातडीतून हाडापर्यंत जाते. वाफा ओढून घेणारे कपाट, हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम जवळ नसेल तर ही पायरी करूच नये. नमुन्यामागे किमान ३०० कण मोजले तरच टक्केवारीला अर्थ राहतो.

मोजल्यावरही कणांचे म्हणणे शब्दशः घेता येत नाही. गवताचे पराग वाऱ्याने उडतात, म्हणून ते भरमसाट मिळतात. कीटकांवर अवलंबून असलेल्या सागाचे, पळसाचे कण फारच थोडे. म्हणजे निम्मे कण गवताचे निघाले तरी आजूबाजूला बरेच रान असू शकते. बांबू हाही गवताच्याच कुळातला आणि कित्येक दशकांतून एकदा फुलणारा. कारवी सात वर्षांनी फुलते, पण गाळाचा एक सेंटिमीटर कित्येक वर्षांचा असल्याने तो चढउतार त्यात पुसला जातो. ४० मायक्रॉनपेक्षा मोठा गवताचा कण दिसला की ‘धान्य’ लिहून टाकण्याची सवय वाईट आहे. काही रानगवतांचे कण तेवढे असतात. राजस्थानच्या सरोवरांमध्ये नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी शेती सुरू झाल्याचा १९७० च्या दशकातला अंदाज अशाच मोठ्या कणांवर आणि कोळशावर उभा होता, आणि पुढे तो टिकला नाही.

काळ्या मातीत तर परागकण शोधायलाच जाऊ नये. ती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगून पुन्हा वर येते. थर मिसळतात आणि हवेशी संबंध आल्याने कण कुजतात. अशा जागी गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म खडे, म्हणजे फायटोलिथ, टिकतात. त्यांच्या आकारावरून गवताचा उपगटही कळतो.

कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण हा दुसरा आधार. ते एका ठरलेल्या नमुन्याशी तुलना करून ‘प्रति हजार’मध्ये सांगतात. सी-३ वनस्पतींचे मूल्य उणे २७ प्रति हजारच्या आसपास, सी-४ चे उणे १३ च्या आसपास. मातीत उणे २० मिळाले तर ढोबळमानाने निम्मे-निम्मे. पण इथे माणूस मध्येच घुसतो. ज्वारी, बाजरी, नाचणी ही पिकेही सी-४ आहेत. भात, गहू, सातू, डाळी सी-३. ज्वारी-बाजरी रुजल्यानंतरच्या काळात सी-४ चा वाटा वाढलेला दिसला तर ते माळ वाढल्याचे लक्षण की शेत वाढल्याचे, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. समुद्रातल्या गाळात तर आणखी एक पेच आहे. गोदावरीचे खोरे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचे. त्यातल्या पूर्व घाटाकडच्या रानातून कमी आणि दख्खनच्या गवताळ भागातून जास्त माती येऊ लागली, तर कुठेही एक झाड न तुटता मुखाशी ‘गवत वाढले’ असे दिसेल.

गंमत म्हणजे हाच पेच उलटून वापरला तर माणसाचा वाटा पकडता येतो. बेसाल्टची माती आणि पूर्वेकडच्या जुन्या ग्रॅनाइट-नाइस खडकांची माती यांच्यातल्या निओडिमियम या धातूच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते. गोदावरीच्या गाळात गेल्या तीन-चार हजार वर्षांत दख्खनच्या मातीचा वाटा आणि एकूण गाळही वाढलेला आढळतो, आणि तो पाऊस मंदावलेला असताना. पाऊस कमी आणि धूप जास्त, याचा अर्थ जमिनीवरचे आच्छादन गेले. सुरुवातीला कोरडेपणाने ते विरळ झाले, त्यावर नांगर आणि चराईची भर पडली. माझ्या मते दख्खनमधल्या मानवी हस्तक्षेपाचा सगळ्यात भक्कम पुरावा हा मातीचा आहे, झाडांचा नाही.

गावांकडे पाहिले तर तपशील आणखी स्पष्ट होतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळात तिथे चौकोनी घरे, पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि चारी, सातू-गहू-मसूर-कुळीथ अशी पिके. १००० नंतर घरे छोटी आणि गोल, शेतीपेक्षा पशुपालनाकडे कल, आणि ७०० च्या सुमारास वस्ती उठली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचे कारण वाढता कोरडेपणा असे मांडले. ते पटण्यासारखे आहे, पण वनस्पतींच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच. शेती नदीकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यापुरती होती. पशुपालन मात्र सगळ्या माळावर पसरते. वस्ती कमी झाली तरी पठारावरचा ताण कमी होतोच असे नाही.

कुऱ्हाडीला तर विनाकारण जास्त दोष दिला जातो. विदर्भात नागपूरजवळ नायकुंड इथे इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. जुन्या पद्धतीत एक किलो लोखंडाला ढोबळमानाने दहा किलो कोळसा आणि एक किलो कोळशाला पाच-सहा किलो लाकूड लागते, हे खरे. पण धावडा, खैर, पळस, साग ही सगळी तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतात. पंधरा-वीस वर्षे मोकळीक मिळाली तर तेच रान परत उभे राहते. झाड संपते ते फुटव्याला दरवर्षी शेळी लागली आणि दर उन्हाळ्यात वणवा फिरला की. रोप गुडघ्याएवढे होते, जळते, मुळातून पुन्हा येते, पुन्हा जळते. दीड-दोन मीटर उंची गाठून ज्वाळांच्या वर डोके काढेपर्यंत त्याची सुटका नसते. काळी चिकण माती मोठ्या प्रमाणावर फोडणे लोखंडी फाळ आणि सहा-आठ बैलांचा नांगर आल्यावरच शक्य झाले, आणि पाया घातला गेला तो सातवाहन काळाच्या आगेमागे. योगायोग असा की लोणारचा दुसरा कोरडा टप्पाही तिथूनच सुरू होतो, आणि तो देवगिरीच्या यादवांच्या काळालाही व्यापतो. म्हणजे कोरडे पर्व आले की माणसे नाहीशी होतात, हे समीकरण इथे चालत नाही.

मध्ययुगीन माळाबद्दल एक वेगळा पुरावा अलीकडे आला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी साहित्यात आणि मौखिक परंपरेत येणाऱ्या रानझाडांची नोंद घेतली गेली. त्यातली बहुतांश झाडे मोकळ्या, काटेरी, गवताळ प्रदेशात वाढणारी निघाली. रेल्वे आणि वनखाते येण्याच्या कित्येक शतके आधी इथले लोक माळालाच आपला भूभाग समजत होते.

घाटमाथ्यावर आणि कोकणात मात्र दिशा उलटी. तिथे पावसाने जंगल पेलले असते, ते माणसाने मोडले. डोंगरउतारावर नाचणी-वरईसाठी रान तोडून जाळायचे, दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि जागा सोडायची. भातासाठी राब: ऐन, किंजळ यांच्या फांद्या छाटायच्या, शेण, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर देऊन वैशाखात रोपवाटिकेवर जाळायचे. राबाने तण मरते आणि राख मिळते, त्यामुळे ती पद्धत अडाणी नव्हती. पण दरवर्षी छाटलेले झाड बी धरत नाही. मोठी झाडे जगतात आणि पुढची पिढी येत नाही. अशा ठिकाणी ऐनाचे खुंट आणि करवंदाच्या जाळ्या उरतात. सोडलेल्या जमिनीचा विसावा कमी होत गेला तसे कातळ उघडे पडले. सगळे सडे, म्हणजे उघडी कातळी पठारे, मात्र असे झालेले नाहीत. कासच्या पठारासारख्या जांभ्या कातळावर मातीच नखभर असते. तिथली फुले तोडीनंतर आलेली नाहीत, ती त्या कातळाचीच आहेत. देवराया हा मूळ जंगलाचा नमुना मानण्याची पद्धत आहे. तीही थोडी हात राखूनच मानावी, कारण देवराईत उपयोगाची झाडे शतकानुशतके लावलेली, राखलेली असतात.

निलगिरी डोंगरातही हाच वाद जुना आहे: शोला, म्हणजे घळींमधल्या बुटक्या सदाहरित जंगलांच्या मधली गवताळ कुरणे पशुपालकांनी केली का? संदिनल्ला इथल्या पीटमधले (दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातले) कार्बन समस्थानिक वीस हजार वर्षांपूर्वीही तिथे गवत दाखवतात. हिवाळ्यातले दहिवर शोलाच्या रोपांना उघड्यावर मारते, त्यामुळे जंगल आपोआप पसरत नाही. पुढे तिथे निलगिरीची झाडे (युकॅलिप्टस) आणि वॅटल ही बाहेरून आणलेली झाडे लावली गेली, आणि जुनी कुरणे झाकली गेली ती त्यामुळे.

१८५३ नंतर रेल्वेचे स्लीपर आणि इंजिनाचे जळण, १८६४ ला वनखाते, १८७८ चा वन कायदा हे सगळ्यांना माहीत आहे. राखीव केलेल्या काही भागांत चराई आणि आग थांबल्याने रान आधीपेक्षा दाट झाले, ही बाजू कमी सांगितली जाते. त्याच शतकात घाणेरी पसरली, नंतर वेडी बाभूळ आणि गिरिपुष्प. जुन्या माळावर खड्डे खणून गिरिपुष्प लावणे म्हणजे वनीकरण, असे समजणाऱ्यांनी निदान आधी तो माळ कोणत्या जातीचा आहे ते पाहावे.

ते पाहता येते. आधी गवत ओळखावे. कुसळी, मारवेल, पवन्या यांसारखी बहुवार्षिक गवते, जोडीला कंद-गाठींतून पावसाबरोबर उगवणाऱ्या वनस्पती, आणि हिवर, बोर, खैर अशी विखुरलेली झाडे असतील तर माळ जुना असण्याची शक्यता मोठी. नुसती वार्षिक गवते, तरोटा, घाणेरी आणि मध्येमध्ये ऐन-धावड्याचे छाटलेले खुंट दिसले तर तिथले रान मोडलेले असावे. मग मीटरभर खोल खड्डा घ्यावा, काळी भेगाळणारी माती टाळून मुरमाड किंवा तांबड्या मातीत. दर दहा सेंटिमीटरला नमुना घ्यायचा आणि विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडी काढून टाकायची. ही पायरी चुकली तर आकडे निरुपयोगी ठरतात, कारण दख्खनच्या मातीत चुनखडीचे खडे सर्वत्र आहेत आणि त्यातला कार्बन मूल्य वर खेचतो. वरचे वीस-तीस सेंटिमीटर हल्लीच्या वापराने बदललेले असतात, त्यावरून निष्कर्ष काढू नये. खोलीबरोबर मूल्य एक ते तीन प्रति हजारने वाढते ते कुजण्यामुळे. तेवढा फरक सोडून द्यायचा. वरपासून खालपर्यंत उणे १४ ते १६ मिळाले तर माळ तिथे फार जुना आहे. वर उणे १५ आणि साठ-सत्तर सेंटिमीटरखाली उणे २४-२५ मिळाले, तर तिथे खरोखरच झाडांचे रान होते. मग त्याच खोलीतला कोळशाचा तुकडा कालमापनाला पाठवावा, म्हणजे ते केव्हा गेले याचा अंदाज येतो.